जिताड्याला गळ कोणी लावायचा?

पेणच्या खारेपाटात घरामागे तळे असते. भाताचे खाचर, त्याला लागून खणलेला खोल खड्डा, त्यात पावसाचे आणि उधाणाचे मिसळलेले मचूळ पाणी. त्या पाण्याच्या तळाशी जिताडा असतो. वर्षभर तो कोणाला दिसत नाही, पण घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतो. पावसाळ्यात बांधातल्या उघाडीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, आत शिरलेले बोटाएवढे पिल्लू दोन-तीन वर्षांत हातभर होते. मग घरात लग्न निघते, जावई येतो, किंवा कचेरीत एखादे काम अडते, आणि तळ्यात जाळे पडते. साहेबाच्या घरी पोचवलेल्या जिताड्याच्या गोष्टी रायगडात गावोगाव ऐकायला मिळतात. मासा चविष्ट आहेच. पण मान राखायला, नाते जपायला आणि कधी गरज भागवायला इथे तोच पुढे केला जातो.

हाच मासा दुसरीकडे खेळाचा मासा आहे. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात, बंगालात भेटकी, आणि गळाच्या छंदाच्या जगात आशियाई सी-बास. ‘बास’ या एका नावाखाली एकमेकांशी जवळचे नाते नसलेले मासे गोळा झाले आहेत: अमेरिकेतल्या गोड्या तळ्यांतला लार्जमाउथ, अटलांटिक किनाऱ्यावरचा पट्टेरी बास, आणि आपला जिताडा. गळाला लागल्यावर ते जी झुंज देतात, तिच्यासाठी माणसे त्यांच्यामागे फिरतात. जिताडा आमिषावर झडप घालतो, पाण्याबाहेर उसळी मारतो, डोके झाडतो आणि कल्ल्याच्या धारदार कडेने दोर कापून निघूनही जातो. त्याच्यासाठी लोक विमानाने प्रवास करतात, महागड्या काठ्या घेतात, आणि धरलेला मासा फोटो काढून परत पाण्यात सोडतात.

हा छंद रायगडात आलेलाच आहे. रेवदंड्याच्या आणि कोर्लईच्या खडकांवर सुट्टीच्या दिवशी मुंबईची मंडळी रील लावलेल्या काठ्या घेऊन उभी असतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर नव्या शहराची आखणी जाहीर झाली आहे. शहर खाडी ओलांडून आले की त्याची करमणूकही मागोमाग येते. या खेळाला पेण-रोह्यात जागा द्यायची का, दिली तर कुठे, आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, हे आत्ताच बोलून घेतले पाहिजे. काठ्या बांधावर रोवल्या गेल्यावर बोलण्यात अर्थ राहणार नाही.

आधी खेळाच्या बाजूचे म्हणणे. खारेपाटातली शेती एकपिकी. बांध शाबूत आहे तोवर भात. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात, आणि एकदा मीठ मुरले की पावसाळे उलटून ते धुऊन निघेपर्यंत पीक नाही. पूर्वी गाव एकत्र येऊन बांध धरी, त्या सामायिक श्रमाला जोळ म्हणत. १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारजमीन कायद्याने योजनेतल्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि बऱ्याच गावांतली जोळ सैल पडली. मुले डोलवीच्या पोलाद कारखान्यात, धाटावच्या रसायन कारखान्यांत, नाहीतर थेट नवी मुंबईत कामाला गेली. मागे राहिलेल्या माणसाकडे खारट जमीन आणि एक तळे आहे. जिताडा बाजारात विकला की पैसे एकदाच मिळतात. त्याच तळ्यावर दिवसाचे पैसे घेऊन पाहुण्याला काठी टाकू दिली, मासा परत सोडायला लावला, दुपारी तांदळाची भाकरी आणि कालवण वाढले, तर तोच मासा पुन्हा पुन्हा कमावून देतो. हा हिशेब खरा आहे. खारेपाटाविषयी शहरात बसून हळवे होणाऱ्यांनी तो झटकून टाकू नये.

बीजही आता विकत मिळते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये देशात प्रथम जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याच्या उपजीविका योजनेतून किनाऱ्यावरच्या गावांना खाडीतल्या पिंजऱ्यात जिताडा वाढवायला मदत मिळाली. जो कांदळवन राखतो त्याच्या हातात त्या कांदळवनातून चार पैसे यावेत, हा त्यामागचा विचार. गळाचा खेळ ही त्याचीच पुढची पायरी आहे असे कोणी म्हटले, तर ते चूक ठरवता येत नाही.

रोह्याच्या बाजूला तर पाण्यावरच्या खेळाची सवय गावांना झालेली आहे. कोलाडचे राफ्टिंग ज्या पाण्यावर चालते ते मुख्यतः मुळशीचे पाणी. घाटापलीकडे धरणात अडवलेले पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, १९२७ पासून येते, आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडले जाते. त्या धरणासाठी मावळातली गावे उठली आणि १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, हे कोलाडच्या तराफ्यात बसणाऱ्याला कोणी सांगत नाही. सकाळी पाणी सुटते, तराफे उतरतात, वाटाड्यांना रोज मिळतो, खानावळी चालतात. नदीवर मौजेसाठी आलेला माणूस गावाला काही देऊन जाऊ शकतो, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नाही.

पण तराफा पाण्यावरून जातो, पाण्यातून काही काढत नाही. गळाचे तसे नाही. आणि कोलाडहून खाली, डोलवहाळचा बंधारा ओलांडून नदी रोह्याला आली की तिची तब्येत बदलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. कुंडलिका त्यांत आहे. धाटावच्या वसाहतीखाली राहणाऱ्या माणसाला ही यादी वाचावी लागत नाही. पाण्याला वास कधी येतो आणि मासा उलटा कधी तरंगतो, हे त्याला तारखेनिशी सांगता येते. अशा पाण्यात खेळ कसला?

इथे छंदी लोकांच्या बाजूने एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती रोह्याला फार लागू आहे. इंग्लंडमध्ये डर्वेंट नदीवर गळ टाकणाऱ्यांचा एक क्लब होता, प्राइड ऑफ डर्बी नावाचा. नदीत एका रासायनिक धाग्याच्या कारखान्याचे सांडपाणी, डर्बी नगरपालिकेचे मैलापाणी आणि वीजमंडळाचे गरम पाणी येत होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी तो क्लब तिघांविरुद्ध न्यायालयात गेला आणि जिंकला. १९४८ मध्ये गळकऱ्यांनी अशा दाव्यांसाठीच एक संघटना उभी केली होती, तिचे बळ त्यामागे होते. कारखाना, नगरपालिका, वीजघर: रोह्याच्या नदीवर हे तिघेही आहेत. म्हणून छंदी मंडळी म्हणतात, आम्हाला नदीत गुंतू द्या, मग नदीसाठी भांडायला आणखी माणसे मिळतील.

मला हे म्हणणे मोलाचे वाटते. पण त्या दाव्यातली एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. डर्बीच्या क्लबला न्यायालयाने दाद दिली, कारण त्या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क कागदोपत्री त्याचा होता. आपल्या नदीकाठच्या कोळ्याकडे, आगऱ्याकडे, कातकऱ्याकडे असा कागद नाही. पिढ्यान् पिढ्या पाग, म्हणजे फेकजाळे, टाकूनही त्याचा हक्क वहिवाटीपुरताच राहिला. ज्याच्याकडे हक्क असतो त्याचे नुकसान मोजले जाते. ज्याच्याकडे फक्त सवय असते त्याने सोसायचे असते. मुंबईचा छंदी माणूस रोह्याचे पाणी बिघडले तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या खाडीवर जाईल. त्याचा राग खरा असेल, पण त्याची चूल त्या पाण्यावर पेटत नाही. नदीचा वकील व्हायचे असेल तर आधी नदीकाठच्यांच्या हाती वकीलपत्रावर सही करण्याचा अधिकार हवा.

आता माशाकडे येऊ, कारण या सगळ्या चर्चेत तो फक्त किलोने किंवा फोटोने येतो.

जिताड्याचे आयुष्य खाडीच्या दोन्ही टोकांना बांधलेले आहे. तो वाढतो नदीत, खाजणात, भातखाचराच्या कडेला. पण अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाशी खारे पाणी लागते, आणि तो हंगाम आपल्याकडे पावसाळ्याचा. तिथे जन्मलेली पिल्ले उधाणाच्या पाण्यासोबत पुन्हा आत येतात, कांदळवनाच्या मुळांत दडतात, उघाडीतून खारेपाटात शिरतात. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. जिताडा प्रथम नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, चांगला वाढला की, त्याची मादी होते. लहान जिताडे बहुतेक नर आणि थोराड जिताडे बहुतेक माद्या. मोठी मादी एका हंगामात जी अंडी सोडते त्यांची संख्या कोटीच्या घरात जाते.

म्हणजे साहेबाकडे जाणारा, लग्नात मिरवणारा, फोटोत दोन हातांवर तोललेला तो भला मोठा जिताडा, तो खाडीची आई असतो.

ही गोष्ट कळल्यापासून माझा या विषयाकडे पाहण्याचा कल बदलला. मासे वाचवायचे म्हणजे लहान सोडा आणि मोठे धरा, असे आपण समजतो. बहुतेक माशांना ते लागूही आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सागरी माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले, ते याच विचाराने. जिताड्याच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. सगळ्या मोठ्यांना धरत गेलो तर खाडीत नर उरतील आणि अंडी घालणारे कोणी उरणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने म्हणून जिताड्याला दोन्हीकडून कुंपण घातले: ५८ सेंटिमीटरच्या खालचा सोडायचा आणि १२० सेंटिमीटरच्या वरचाही सोडायचा. आपल्या खाडीसाठी हेच आकडे बरोबर असतील असे नाही. इथल्या माशाची मापे इथेच, पेण-अलिबागच्या मासळीबाजारात टोपली उतरताना घेतली पाहिजेत. पण वरची मर्यादा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या एका बाबतीत छंदी गळकरी जाळेवाल्यापेक्षा माशाला सोयीचा ठरू शकतो. जाळ्यात अडकलेली मादी बाहेर येईतो बहुतेकदा मेलेली असते. गळाला लागलेली मादी जिवंत असते आणि सोडता येते. खेळाच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा मला दिसत नाही.

मात्र सोडलेला मासा जगतोच असे धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेरी बास १९८० च्या सुमारास जवळजवळ संपला होता. १९८४ मध्ये त्यांच्या संसदेने त्याच्यासाठी कायदा केला, मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षे तो धरायला पूर्ण बंदी घातली, आणि मासा परत आला. जगभर सांगितली जाणारी ही यशोगाथा आहे. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. छंदी लोकांची गर्दी एवढी वाढली की धंद्याच्या मच्छीमारांपेक्षा जास्त मासे त्यांच्याच हातून मरू लागले, आणि २०१९ च्या पाहणीत हा बास पुन्हा अतिमासेमारीत सापडलेला ठरला. तिथले शास्त्रज्ञ हिशेब करताना सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के नंतर मरतात असे धरतात. एका माणसाने दिवसभरात दहा सोडले तर जवळजवळ एक मेला. त्याने तो खाल्ला नाही, कोणीच खाल्ला नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात, तीन तोंडांचा, काकर म्हणजे उलटा काटा असलेला गळ आणि फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला मासा, हे गणित आणखी वाईट होणार. बिनकाकराचा एकच गळ, मासा पाण्यातच ठेवून सुटका, आणि उन्हाच्या वेळी काठी बंद, एवढे तरी शिकल्याशिवाय ‘आम्ही सोडतो’ हे म्हणणे अपुरे आहे.

सोडण्याविषयी आणखी एक गोष्ट, जी आपल्याच सह्याद्रीतून सुरू होते. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशाचे कृत्रिम प्रजनन चालते. हेतू उत्तम होता: नद्यांतून नाहीसा होत चाललेला मासा परत आणणे. तिथली पिल्ले देशात दूरदूर गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीवर भीमेश्वरी, गलीबोरे इथे गळाच्या छंदाची शिबिरे होती. पूर्वी स्फोटके टाकून मासे मारणारी काही माणसे तिथे वाटाडी बनली, आणि शिबिरे होती तोवर त्या पट्ट्यात नदीवर पहारा राहिला. अभयारण्यातल्या मासेमारीवरच्या बंदीमुळे ती शिबिरे साधारण २०१० नंतर थांबली. वाटाड्यांचे काम गेले आणि पहाराही सैल झाला, अशी तक्रार तेव्हापासून आहे. ही एक बाजू. दुसरी बाजू अभ्यासकांनी त्याच शिबिरांच्या जुन्या नोंदी तपासून मांडली: बाहेरून आणून सोडलेला निळसर पराचा महाशीर वाढत गेला, आणि जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात असलेला, कुबड असलेला मूळ महाशीर ओसरत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. छंदामुळे नोंदी राहिल्या म्हणून नुकसान कळले, आणि छंदालाही हवे होते म्हणून बाहेरचे बीज सोडले गेले. दोन्ही खरे.

जपानचा अनुभव याहून कडक आहे. अमेरिकेतला बास तिथे १९२५ मध्ये आशी सरोवरात हौसेने आणला. पुढे तो देशभर पसरला, बिवा सरोवरातल्या देशी माशांवर ताव मारू लागला. शेवटी २००३ पासून शिगा प्रांताने नियम लागू केला की बिवामध्ये धरलेला बास परत सोडायचाच नाही. मासा सोडणे सगळीकडे पुण्य नसते; कोणता मासा, कोणत्या पाण्यात, हे आधी विचारावे लागते.

पेणच्या तळ्यांना हे का लागू आहे? खारेपाटातले तळे कायमचे बंद नसते. २६ जुलै २००५ ला किंवा २०२१ च्या जुलैत पाणी चढले तेव्हा तळे, शेत आणि खाडी यांत फरक राहिला नव्हता. शुल्क घेऊन गळ टाकू देणाऱ्या तळ्याचा मालक पाहुण्याला रोज मासा लागावा म्हणून रूपचंद, तिलापिया असे पटकन वाढणारे परदेशी मासे भरेल, हा मोह साहजिक आहे. एका पुरात ते सगळे धरमतरच्या खाडीत असतील. पूर्व किनाऱ्यावरच्या उबवणीतून आणलेल्या जिताड्याबाबतही मी सावध राहीन. नाव एकच असले तरी तो दुसऱ्या समुद्राचा आहे, आणि कावेरीत चूक करणाऱ्यांनाही तो मासा महाशीरच वाटला होता.

एवढे झाल्यावर मूळ आक्षेप उरतोच, जो कोणत्याही आकड्याने मिटत नाही. खायचे नसताना मासा धरावाच का? कोकणात गळ टाकण्याला गरवणे म्हणतात. गरवायला जाणे यात मौज आहेच. सुकतीच्या वेळी बांधावर बसलेल्या पोरांकडे पाहिले की ती दिसते. पण संध्याकाळी चार मासे घरी येतात आणि आई ते तव्यावर टाकते. त्या मौजेला शेवट आहे. नुसती झुंज हवी म्हणून एखाद्या जीवाच्या तोंडात लोखंड अडकवायचे, हे अनेक जुन्या मच्छीमारांना पटत नाही, आणि त्यांना भाबडे म्हणणे मला जमत नाही. याच जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला देवीचे मासे आहेत. हाताएवढे महाशीर काठाशी येतात, माणसे त्यांना चुरमुरे घालतात, आणि कोणी त्यांना हात लावत नाही. गळाविनाही माणूस माशाजवळ जाऊ शकतो, हे तिथे लहान मुलांनाही दिसते. दुसऱ्या टोकाला पांडुरंगशास्त्री आठवले, जन्माने रोह्याचे. त्यांच्या स्वाध्याय परिवाराने किनाऱ्यावर मत्स्यगंधा नावाच्या बोटी उतरवल्या. त्यांवर मच्छीमार पाळीपाळीने जातात आणि मिळालेली मासळी कोणा एकाच्या मालकीची मानली जात नाही. मासे तिथे मारले जातातच, पण धरणारा तो आपला पराक्रम समजत नाही. छंदाच्या फोटोत नेमके उलटे असते.

हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. तरीही त्याच्या जोरावर बंदी मागायला मन धजत नाही. कारण बंदी आली की ती आधी कोणावर पडते हे आपण पाहिले आहे. अंमलदाराला रील लावलेली काठी आणि कातकऱ्याच्या हातातली दोरी यांतला फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो. पहिल्या पावसात वर चढणारे वलगणीचे मासे धरायला ओढ्यात उतरलेल्या बाईला दंड होईल आणि रिसॉर्टच्या तळ्यावरचा खेळ परवाना दाखवून चालू राहील. पोटासाठी टाकलेला गळ आणि मौजेसाठी टाकलेला गळ हे कायद्याने निराळे धरले पाहिजेत, आणि पहिल्याला कोणताही परवाना, शुल्क, हंगाम लागू नये. ही अट मान्य नसेल तर पुढचे काहीच बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती मान्य असेल तर मी तळ्यांपासून सुरुवात करू देईन. खारेपाटातल्या मालकाने स्वतःच्या तळ्यात, उघाडीतून आलेल्या इथल्याच जिताड्यांवर, पाहुण्याला काठी टाकू द्यावी. परदेशी मासा त्या तळ्यात नको. तो सापडला तर तळे बंद. उघड्या खाडीत, धरमतरपासून नागोठण्यापर्यंत आणि रेवदंड्याच्या मुखाशी, बाहेरच्या काठीला गावाची किंवा तिथल्या मच्छीमार सोसायटीची परवानगी लागावी आणि पैसे त्यांच्याकडेच यावेत. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौका बंद असतात, तेव्हा मौजेची काठीही बंद असावी. जिताडा मुखाकडे जातो तो हाच काळ. आणि ठरलेल्या मापावरची मादी, ती गळाला लागो की जाळ्यात जिवंत सापडो, परत जावी. जाळ्यातली सोडणाऱ्या कोळ्याला तिचे मोल मिळाले पाहिजे, आणि ते मौजेच्या काठीच्या शुल्कातून द्यावे. खेळाने खाडीचे थोडे कर्ज फेडले, असे मग म्हणता येईल.

गावाला हे ठरवता येईल का, असे विचारणाऱ्यांना पेणचाच एक दिवस आठवावा. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले. प्रश्न जमिनीचा होता, गुंतागुंतीचा होता, समोर फार मोठे भांडवल होते, आणि लोक रांगेत उभे राहून मत देऊन गेले. त्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे खटल्यात निकाल दिला की आदिवासींच्या मालकीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले पाणीही त्यांच्या परवानगीखाली येते. बारामुंडीसाठी येणाऱ्या छंदी लोकांनी तेव्हा पुष्कळ ओरड केली. पुढे सरकारने आदिवासींशी करार केले, त्यांना मोबदला दिला, आणि ठरलेल्या जागी काठ्या पुन्हा पडू लागल्या. खेळ बुडाला नाही. विचारून खेळावे लागले, इतकेच. तिथेही मासा जिताडाच होता.

कुंडलिकेचा रोह्याखालचा पट्टा मी या सगळ्यातून तूर्त बाहेर ठेवीन. जे पाणी आपल्या पोरांना पोहायला देववत नाही, त्यावर पाहुण्यांचा खेळ मांडू नये. पण तिथल्या मच्छीमारांना हक्काचा कागद देण्याचे काम आजच सुरू करता येते, आणि डर्बीच्या मंडळींनी केले ते करण्यासाठी त्यांना तोच लागणार आहे.

मे महिन्याच्या अखेरीस, जिथे अजून गाव बांधावर जमते तिथे, पावसाच्या आधी खांडी बुजवल्या जातात, उघाडीच्या फळ्या तपासल्या जातात. हा विषय पहिल्यांदा तिथे निघावा. तिथे ज्यांच्या घरामागे तळे आहे तेही असतात आणि ज्यांच्याकडे फक्त पाग आहे तेही. चिखलात उतरलेल्या बाया असतात, कारखान्यातून रजा काढून आलेली पोरे असतात. पहिल्या उधाणाला जिताड्याचे पिल्लू कोणत्या उघाडीतून आत येते, हे त्या सगळ्यांना ठाऊक असते.